जुन्या रिगला संगणक जोडताना: खरा सिरीयल पोर्ट, स्वस्त डोंगल की एफटीडीआय केबल?

आयसी-७३०० किंवा एफटी-९९१ए हे हॅम रेडिओचे संच (रिग) असणाऱ्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. त्या रिगच्या मागेच यूएसबी आहे. ड्रायव्हर आधी टाकायचा, केबल नंतर लावायची, झालं काम. ९९१ए दोन पोर्ट दाखवते, त्यातला ‘एनहान्स्ड’ नावाचा कॅटसाठी (संगणकावरून रिग चालवण्यासाठी) घ्यायचा, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. ऑडिओसुद्धा त्याच वायरीतून येतो.

प्रश्न आहे तो आपल्यासारख्या बाकीच्यांचा. आयसी-७१८, ७०६, एफटी-८१७, ८५७, नाहीतर कुणाकडून हातची आलेली टीएस-२०००. रिग ठणठणीत असते, विकायची मुळीच इच्छा नसते. पण एफटीएट (संगणकाच्या मदतीने चालणारी डिजिटल पद्धत) करून बघावंसं वाटतं, किंवा लॉगरमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) फ्रिक्वेन्सी आपोआप यावी असं वाटतं, आणि गाडी सिरीयल पोर्टपाशी येऊन अडते. माझ्याकडे घरी ७१८ आहे आणि गडावर न्यायला ८१७. दोन्हींवर तिन्ही उपाय करून झालेत: संगणकाचा खरा सिरीयल पोर्ट, यूएसबीत लावायचा स्वस्त डोंगल, आणि एफटीडीआय कंपनीची चिप असलेली यूएसबी केबल. मोजमापाची यंत्रं लावून काही तपासलेलं नाही, वापरताना जे जाणवलं तेच लिहितोय. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो.

एक गोष्ट आधीच. टीएस-२००० किंवा टीएस-४८०च्या मागे नऊ पिनांचा खरा आरएस-२३२ पोर्ट आहे, म्हणजे वायरीवर अधिक-उणे व्होल्टेज नाचतं. ७१८चा सीआय-व्ही (आयकॉमचा नियंत्रण-पोर्ट) आणि ८१७चा कॅट पोर्ट मात्र पाच व्होल्टच्या टीटीएल पातळीवर चालतात. संगणकाच्या खऱ्या पोर्टातून थेट वायर ओढून ८१७मध्ये घातली, तर रिगच्या आतलं नाजूक काहीतरी जायला वेळ लागत नाही. मधे पातळी बदलणारं सर्किट हवंच: आयकॉमचं सीटी-१७, याएसूची सीटी-६२ केबल, नाहीतर व्हेरोबोर्डवर स्वतः जोडलेलं मॅक्स२३२.

खरा पोर्ट

डेस्कटॉप असेल तर आधी कव्हर उघडून मदरबोर्ड बघा. पाठीमागे पोर्ट नसला तरी बोर्डवर ‘कॉम१’ असं छापलेला पिनांचा हेडर बऱ्याचदा असतो. त्याला पट्टी आणि ब्रॅकेट लावलं की पोर्ट तयार. फक्त या ब्रॅकेटच्या पट्ट्या दोन वेगवेगळ्या जोडणीच्या मिळतात आणि दिसायला अगदी सारख्या असतात, तेव्हा लावण्याआधी मल्टिमीटरने पिना तपासून घ्याव्यात. हेडर नसेल तर पीसीआय एक्सप्रेस कार्ड घालता येतं.

या पोर्टबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याचा नंबर कधी बदलत नाही. कॉम१ म्हणजे कॉम१, विंडोज नव्याने टाकलं तरीही. बँडवर शंभर वॉट सोडले तरी तो गडबडत नाही. यूएसबी अशा वेळी डोळे मिटते, म्हणजे पोर्ट क्षणभर नाहीसा होऊन परत उगवतो आणि सॉफ्टवेअर मात्र जुन्याच पोर्टची वाट बघत बसतं. वायरही लांब नेता येते. यूएसबीचा पाच मीटरचा हिशोब इथे लागू नाही, त्यामुळे गच्चीखालच्या खोलीत ठेवलेल्या रोटेटरच्या (अँटेना फिरवणाऱ्या यंत्राच्या) कंट्रोलरपर्यंत सहज पोचता येतं.

आणि आरटीटीवाय, म्हणजे रेडिओवरचं टेलिप्रिंटर. ध्वनिकार्डातून सूर पाठवून एएफएसके न करता, रिगलाच फ्रिक्वेन्सी सरकवायला लावणारी खरी एफएसके करणारे आपल्यात थोडेच उरलेत, पण त्यांच्यासाठी हा मुद्दा निर्णायक आहे. तिथे लागतो पाच बिटांचा बॉडो कोड, ४५.४५ बॉडवर. खऱ्या पोर्टातल्या जुन्या १६५५० जातीच्या चिपला २५३५चा भाजक दिला की १,१५,२०० मधून ४५.४४ निघतात, कुठल्याही रिसीव्हरला ते चालतं. एफटीडीआयची एफटी२३२आर सात किंवा आठ बिटच पाठवते, पाच नाही. सीपी२१०२ या दुसऱ्या यूएसबी चिपला पाच बिट येतात, पण ३०० बॉडच्या खाली उतरता येत नाही. सॉफ्टवेअरने एखादी लाइन वरखाली करून काम भागवता येतं, पण ते भागवणंच झालं. आरटीटीवाय स्पर्धांचं वेड असेल तर इथेच थांबा आणि कार्ड घ्या.

मग मी का सोडला? लॅपटॉपला तो नाही, एवढंच कारण. वीज गेली की डेस्कटॉप इन्व्हर्टरवर ओढायचा, लॅपटॉप मात्र आपल्या बॅटरीवर चालू राहतो आणि रिग गाडीच्या बॅटरीवर. शिवाय तोच लॅपटॉप शनिवार-रविवारी ८१७सोबत पिशवीत जातो. ज्यांचं स्टेशन टेबलावरून हलत नाही त्यांना यातलं काहीच लागू होणार नाही.

डोंगल

लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी विचारलं की हातात येतं ते बहुधा सीएच३४० चिपचं, नाहीतर पीएल२३०३ चिपचं. किंमत नगण्य. आणि चालतं का? चालतं. उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. कॅटला वेग लागतोच किती? ८१७ तर मुळात ४८००वर बोलते, मेनूत जाऊन ३८४०० करता येतं (दोन स्टॉप बिट ठेवायला विसरू नका). एवढ्या कामाला कुठलीही चिप पुरते. एकेकाळी अनेकांनी नोकियाची सीए-४२ डेटा केबल कापून सीआय-व्ही केबल केली होती आणि ती वर्षानुवर्षं चालली. तिच्या आतही हीच जात असायची.

पीएल२३०३ची एक गोची ठाऊक असावी. त्या चिपची जुनी एचएक्सए आवृत्ती कंपनीने २०१२पासून बंद केली आणि नवे ड्रायव्हर तिला ओळखूनही नाकारतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि पुरवठादाराशी संपर्क साधण्याचा सल्ला. पुरवठादार म्हणजे कोण, तर गल्लीतल्या दुकानातला तो मुलगा. जुना ड्रायव्हर टाकून काम होतं, पण विंडोजचं पुढचं अपडेट तो परत झाकून टाकू शकतं. सीएच३४०ला हा त्रास नाही. त्याचा त्रास लिनक्सवाल्यांना. उबुंटू २२.०४मध्ये ब्रेल डिस्प्लेसाठीची बीआरएलटीटीवाय नावाची सेवा असते, ती सीएच३४०ला ब्रेल यंत्र समजून पोर्ट पळवते. ती काढून टाकली की पोर्ट परत येतो.

विंडोजचं ते अपडेट सोडलं, तर हे सगळं एकदाच सोसायचं दुखणं आहे. एकदा निस्तरलं की संपलं. माझा निर्णय यावरून झाला नाही.

नंबरांची भानगड

विंडोज यूएसबी उपकरणाला ओळखतं ते त्याच्या आतल्या अनुक्रमांकावरून. साध्या सीएच३४०ला आणि बाजारातल्या बहुतेक पीएल२३०३ला असा अनुक्रमांकच नसतो. मग विंडोज त्याला कुठल्या भोकात खुपसलंय त्यावरून ओळखतं. चाळीत भाडेकरूला नावाने न ओळखता खोलीच्या नंबरावरून ओळखावं, तसला प्रकार. भोक बदललं की नवा माणूस, नवा कॉम नंबर. हब बदलला, तरी तेच.

टेबलावरून न हलणाऱ्या संगणकाला याचं काही नाही. माझा लॅपटॉप मात्र जातो-येतो. परत आला की वायरी हाताला येतील तशा लागतात, आणि मग एफटीएटचं सॉफ्टवेअर डब्ल्यूएसजेटी-एक्स लाल पाटी दाखवतं की रिगशी बोलता येत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, नवा नंबर बघा, तो डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये घाला, मग रिग-नियंत्रणाच्या ऑम्नी-रिगमध्ये, मग लॉगरमध्ये. तोवर ज्या स्टेशनसाठी बसलो होतो ते दुसऱ्या बँडवर गेलेलं असतं. जुने नंबर विंडोज ‘वापरात’ म्हणून धरून ठेवतं ते वेगळंच. लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली की कधीकाळी लावलेल्या सगळ्या पोर्टांची भुतावळ समोर येते. आकडा विशीच्या पुढे गेला की काही जुनी सॉफ्टवेअरं तो नंबर यादीतच दाखवत नाहीत.

इथवर नुसता वैताग होता. ठिणगी पडली ती दोन सारख्या डोंगलांमुळे. एक ७१८चा, दुसरा रोटेटरचा. साफसफाईत दोन्ही निघाले आणि लावताना उलटे लागले. विंडोजच्या दृष्टीने काही बदललंच नव्हतं. दोन्ही भोकांत तसलीच चिप, दोन्ही नंबर जागच्या जागी. फक्त रोटेटरच्या नंबरावर आता रिग होती. रोटेटरचं सॉफ्टवेअर सुरू झालं, त्याने आपला पोर्ट उघडला, शिरस्त्याप्रमाणे सिरीयल पोर्टची आरटीएस नावाची इशारा-लाइन वर केली आणि ७१८ ट्रान्समिटवर गेली. ७१८ला सीआय-व्हीवरून पीटीटी (ट्रान्समिट सुरू करण्याचा इशारा) देता येत नाही, त्यामुळे माझी पीटीटी आरटीएसवरच आहे. लॅपटॉपवर मेल आल्याची टिंग झाली, तीही चाळीस मीटर बँडवर. कुणी ऐकली असेल तर क्षमस्व.

भोकांवर स्टिकर लावून हे टाळता येतं. अनेकजण तेच करतात आणि सुखी आहेत. लिनक्सवर यूडेव्हचा (उपकरणांना नावं देणाऱ्या सेवेचा) नियम लिहूनही जमतं. मला स्वतःला मात्र, जी गोष्ट यंत्राने लक्षात ठेवायची ती मी स्टिकर वाचून लक्षात ठेवावी, हे पटेना.

एफटीडीआय केबल

अस्सल एफटीडीआय चिपमध्ये प्रत्येक नगाचा स्वतःचा अनुक्रमांक असतो. कुठल्याही भोकात लावा, हबमधून लावा, कॉम नंबर तोच. एवढ्या एका गोष्टीसाठी मी डोंगलच्या कितीतरी पट पैसे मोजले आणि मला ते महाग वाटले नाहीत.

त्यातही एफटी_प्रोग हे कंपनीचंच सॉफ्टवेअर आहे. त्यातून केबलच्या मेमरीत स्वतःचं नाव लिहिता येतं. माझ्या एका केबलचं नाव रिग आहे, दुसरीचं रोटेटर. लिनक्समध्ये अनुक्रमांकानुसार लावलेली पोर्टांची यादी उघडली की हीच नावं दिसतात आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सला तोच पत्ता द्यायचा.

७१८साठी मी पाच व्होल्टची टीटीएल केबल घेतली, म्हणजे मधलं मॅक्स२३२ वाचलं. तिच्या टोकाला सहा रंगांच्या वायरी असतात. काळी जमीन, ती साडेतीन मिलिमीटरच्या मोनो पिनेच्या बुंध्याला. पिवळी म्हणजे केबलचं ऐकणं, ती थेट पिनेच्या टोकाला. नारिंगी म्हणजे बोलणं, तीही टोकालाच, पण मधे १एन४१४८ डायोड, पट्टी नारिंगीच्या बाजूला. सीआय-व्ही एकाच वायरीवर दोन्ही बाजूंनी बोलतं. डायोड नसेल तर केबल ती वायर पाच व्होल्टला धरून ठेवते आणि रिगला तोंड उघडता येत नाही. जोडणी बरोबर झाली की नाही हे बघायला टर्मिनलमधून हेक्स आकड्यांत एफई एफई ५ई ई० ०३ एफडी पाठवावं. ५ई हा ७१८चा पत्ता, ०३ म्हणजे फ्रिक्वेन्सी सांग. आधी आपलेच बाइट प्रतिध्वनीसारखे परत येतात, कारण वायर एकच. त्यामागून रिगचं उत्तर येतं. १४.०७४ मेगाहर्ट्झवर असाल तर त्यात ०० ४० ०७ १४ ०० दिसतं, फ्रिक्वेन्सी शेपटाकडून लिहिलेली. प्रतिध्वनी आला आणि उत्तर नाही आलं, तर केबल ठीक आहे, पत्ता किंवा वेग चुकलाय.

हिरवी वायर आरटीएस, पीटीटीसाठी. इथे एक मेख आहे. आरएस-२३२वर आरटीएस स्वस्थ असताना उणे व्होल्टेज असतं, म्हणून पोर्ट आणि एक एनपीएन ट्रान्झिस्टर एवढ्यावर पीटीटी होते. टीटीएल केबलवर उलटं: स्वस्थ असताना पाच व्होल्ट, वर केली की शून्य. आरएस-२३२साठी काढलेलं सर्किट जसंच्या तसं लावलं, तर केबल लावल्याक्षणी रिग ट्रान्समिटवर जाते आणि पीटीटी दाबली की बंद होते. एफटी_प्रोगमधून आरटीएस उलटी करता येते. मला ऑप्टोकपलरची (प्रकाशाने इशारा पलीकडे पोचवणाऱ्या चिपची) वाट बरी वाटली. त्याच्या आतला एलईडी लाल पाच व्होल्टकडून एक किलोओहमच्या रेझिस्टरमधून हिरवीकडे, आणि पलीकडे रिगच्या बाजूला एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर. हिरवी खाली आली तरच एलईडी पेटतो. संगणक सुरू होताना, केबल जागी होताना, हिरवी वरच असते, म्हणजे रिग गप्प. रिग आणि लॅपटॉपची जमीनही या वाटेवर वेगळी राहते, निदान पीटीटीपुरती. विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये सुरुवातीला या लाइनींना हात न लावण्याचा एक पर्याय असतो, त्यावरही मी खूण केलेली आहे. तिथेच लेटन्सी टायमर (माहिती पुढे पाठवायला चिप किती थांबते तो) १६ मिलिसेकंद असतो. पोर्टवरून सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, करणारे तो १वर आणतात. माझं सीडब्ल्यू हातानेच असतं, त्यामुळे फरक किती पडतो याबद्दल माझं मत नाही.

८१७ला यातलं पीटीटीचं रामायण लागतच नाही. ती पाच बाइटांच्या कॅट आज्ञेवर ट्रान्समिटला जाते आणि परत येते. तीन वायरी आणि आठ पिनांची मिनी-डिन. फक्त त्या आठांपैकी एका पिनवर रिगचा १३.८ व्होल्ट सप्लाय उघडा असतो, तेव्हा सोल्डर करताना मॅन्युअलमधलं चित्र समोर हवं आणि ते प्लगच्या बाजूने काढलंय की सॉकेटच्या, हे दोनदा बघायला हवं.

उणी बाजू. वर म्हटलं तसं आरएफ (ट्रान्समिटच्या रेडिओ लहरी) शिरलं की यूएसबी कोलमडते, आणि एफटीडीआय त्याला अपवाद नाही. वीस मीटर बँडवर पूर्ण पॉवरने माझाही पोर्ट जायचा. केबलच्या दोन्ही टोकांना फेराइटवर वेढे दिले, अँटेनाच्या फीडपॉइंटला चोक घातला, तेव्हा थांबलं. खरा पोर्ट असता तर बहुधा यातलं काही करावं लागलं नसतं. दुसरी गोष्ट नकलांची. २०१४मध्ये कंपनीच्या एका ड्रायव्हरने नकली चिपांचा ओळख-आकडा शून्य करून त्या मुक्या केल्या होत्या, त्यावरून बराच गदारोळही झाला. आज तसं होत नसलं तरी नकली एफटीडीआयचा मला दिसणारा तोटा वेगळाच. त्यांच्यात एकच अनुक्रमांक अनेक नगांवर असू शकतो, म्हणजे ज्यासाठी जास्त पैसे दिले तेच मिळत नाही. स्वस्त सीपी२१०२ मॉड्यूलचंही तसंच, बऱ्याच नगांवर ०००१. तेव्हा दोन केबल घेतल्या की दोन्ही लावून अनुक्रमांक ताडून बघावेत आणि सारखे निघाले तर त्याच दिवशी परत कराव्यात. घटकांच्या मोठ्या वितरकांकडून मागवलेली बरी, पाठवणीचा खर्च धरूनही.

मग काय घ्यावं

डेस्कटॉप आहे, तो हलत नाही, रिग टीएस-२०००सारखी खऱ्या आरएस-२३२ची आहे, तर कार्ड किंवा हेडर. त्यावर दुसरं काही सुचवण्यात अर्थ नाही. एकच रिग, एकच वायर, कॅट जमतंय का एवढंच बघायचंय, तर सीएच३४० खुशाल घ्या. आवड लागली की पुढचं पुढे.

पण लॅपटॉप असेल आणि त्याला रिगखेरीज आणखी एखादी गोष्ट जोडायची असेल, रोटेटर, मोर्स पाठवणारा कीयर, अँटेना ट्यूनर काहीही, तर माझा कौल एफटीडीआयला. वाईट अर्थाने म्हणत नाही, पण एकाच लॅपटॉपला दोन बिननावाचे डोंगल मी आता कुणाच्याही शॅकमध्ये (रेडिओच्या खोलीत) लावणार नाही. रोटेटरसाठी टीटीएल नको, आरएस-२३२वाली एफटीडीआय केबल घ्या. याएसूच्या जीएस-२३२ या रोटेटर-इंटरफेसला खऱ्या पातळीचंच व्होल्टेज लागतं. लांब वायर आरएस-२३२च्या बाजूला ठेवा, यूएसबीचा तुकडा आखूड.

नाव किंवा अनुक्रमांक बदलायचा असेल तर एफटी_प्रोग आधी चालवा आणि मगच सॉफ्टवेअरांमध्ये नंबर भरा. अनुक्रमांक बदलला की विंडोजला ती नवी केबल वाटते आणि ते पुढचा कॉम नंबर देऊन मोकळं होतं.